लेकराजवळ बसणाऱ्या शिकाऊ ताईवर लक्ष कुणाचं?

स्वमग्न मुलाला थेरपीला नेणाऱ्या आयांना मी एक प्रश्न हमखास विचारते. सेशन कोण घेतं? बहुतेक जणी सांगतात, "एक ताई आहे, शिकतेय अजून. पण स्वभावानं चांगली आहे." ती ताई काय शिकते, कुणाच्या हाताखाली शिकते, तिचं काम शेवटचं कुणी आणि कधी पाहिलं, हे विचारलं की उत्तर नसतं. सेंटरची फी भरण्यासाठी घरात दोन-दोन वेळचे खर्च आवरले जातात. मग एवढं तरी आपल्याला माहीत हवं.

शिकाऊ माणूस वाईट असतो असं मी म्हणत नाही. सगळ्या नर्सेस आधी विद्यार्थिनीच होत्या. शिकाऊ हातानं काम होणारच, तसं झालं नाही तर पुढचे हात तयार कसे होणार? मुद्दा एवढाच, की त्या हातावर जाणत्या माणसाचं लक्ष आहे की फक्त कागदावर सही आहे.

ज्या थेरपीबद्दल मी बोलते आहे तिला सेंटरमध्ये "एबीए" म्हणतात. मराठीत उपयोजित वर्तन विश्लेषण. नाव जड आहे, पण कामाची पद्धत आपल्याला समजण्यासारखी आहे. मूल एखादी गोष्ट करतं त्याच्या आधी काय घडलं, मुलानं नेमकं काय केलं, आणि त्यानंतर त्याला काय मिळालं, या तीन गोष्टी लिहून काढायच्या. समजा, सहा वर्षांचा मुलगा नळावरच्या रांगेत किंचाळतो. किंचाळला की आई त्याला उचलून घरी आणते. रांग, किंचाळणं, सुटका. चार दिवस हे लिहिलं की दिसतं, किंचाळलं की गर्दीतून सुटका होते हे तो शिकलाय. मग त्याला सुटकेची दुसरी, साधी खूण शिकवायची. आईचा हात दोनदा दाबायचा, किंवा एक कार्ड दाखवायचं, आणि तसं केलं की लगेच बाहेर न्यायचं. एखाद्या वागण्यामागं साधारण चार कारणं शोधतात: कुणाचं तरी लक्ष हवं असतं, एखादी वस्तू हवी असते, नकोशा गोष्टीतून सुटायचं असतं, किंवा ते करताना शरीराला बरं वाटत असतं.

ही विद्या अमेरिकेत वाढली आणि तिथंच तिचं परवान्यासारखं प्रमाणपत्र सुरू झालं. आपल्या शहरांतल्या सेंटरच्या भिंतीवर जी इंग्रजी अक्षरांची प्रमाणपत्रं लावलेली असतात, त्यांतली बरीच त्या वाटेनं आलेली असतात. म्हणून आधी तिकडचा नियम काय आहे ते पाहू, मग आपल्या सेंटरकडे येऊ.

अमेरिकेत १९९८ साली वर्तन विश्लेषकांना प्रमाणपत्र देणारं एक मंडळ स्थापन झालं. त्याचं नाव बिहेवियर अ‍ॅनालिस्ट सर्टिफिकेशन बोर्ड. त्यांच्याकडे मुख्य तीन पायऱ्या आहेत. सगळ्यात खाली आरबीटी, म्हणजे मुलाजवळ बसून रोजचं सेशन घेणारी व्यक्ती. तिला किमान ४० तासांचं प्रशिक्षण लागतं. मधली पायरी पदवीधरांची, बीसीएबीए. वरची बीसीबीए, म्हणजे पूर्ण वर्तन विश्लेषक. त्याला पदव्युत्तर शिक्षण, ठरावीक अभ्यासक्रम, परीक्षा, आणि परीक्षेच्या आधी देखरेखीखालचं प्रत्यक्ष काम लागतं. त्या कामाला फील्डवर्क म्हणतात.

फील्डवर्क किती? साध्या प्रकारात २००० तास. जास्त देखरेख घेणाऱ्यांसाठी १५०० तास. महिन्याला २० तासांपेक्षा कमी धरत नाहीत, जास्तीत जास्त तासांवरही मर्यादा असते, आणि सगळं पाच वर्षांत संपवावं लागतं. तास ऐकून डोळे दिपतात. पण आपण विचारायला हवं, त्यातले किती तास जाणत्या माणसाच्या नजरेखालचे असतात?

साध्या प्रकारात ५ टक्के. जास्त देखरेखीच्या प्रकारात १० टक्के.

हिशेब मांडून पाहा. शिकाऊ ताईनं महिन्यात १०० तास काम केलं, तर ५ तास देखरेख. महिन्यातून किमान चार वेळा भेट झाली पाहिजे. या पाच तासांतले निम्म्यापर्यंत तास गटात चालतात, म्हणजे इतर शिकाऊंसोबत एकत्र बसून. आणि मुलासोबत काम करताना तिला प्रत्यक्ष पाहणं महिन्यातून किमान एकदा. किमान एकदा! मी नर्सिंगला होते तेव्हा वॉर्डच्या सिस्टर आम्हाला प्रत्येक ड्यूटीला पाहायच्या. इंजेक्शन आधी बघायचं, मग सोबत उभं राहून मदत करायची, मग त्यांच्या समोर द्यायचं, आणि तेव्हा कुठं लॉगबुकात सही. म्हणून अमेरिकेचा नियम वाचला तेव्हा मला तो फार कडक वाटला नाही. तो कमीत कमी किती हवं ते सांगतो. चांगला सुपरवायझर त्यापेक्षा जास्त वेळ देतो, आणि कामचुकार सुपरवायझर त्याच आकड्यावर येऊन थांबतो.

तरी या नियमात एक गोष्ट मला फार आवडली. फील्डवर्कचे किमान ६० टक्के तास मुलाला नुसतं घेऊन बसण्यापलीकडच्या कामात गेले पाहिजेत. म्हणजे मुलाची तपासणी, नोंदींचा आलेख काढणं, तो वाचून योजना बदलणं, पालकांना शिकवणं. शिकाऊ पोरीला दिवसभर एकामागून एक मुलं देऊन स्वस्तात राबवायचं आणि त्याला प्रशिक्षण म्हणायचं, ही सोय हा नियम बंद करतो.

आता खरी देखरेख दिसते कशी, ते सांगते. नाहीतर आपल्याला वाटेल मॅडम येऊन खुर्चीत बसल्या की झालं.

या क्षेत्रात शिकवण्याची चार टप्प्यांची रीत आहे. आधी काय करायचं ते सांगायचं. मग स्वतः करून दाखवायचं. मग शिकाऊकडून करून घ्यायचं. आणि काय बरोबर झालं, काय चुकलं ते तिथल्या तिथं सांगायचं. बरोबर येईपर्यंत शेवटचे दोन टप्पे पुन्हा पुन्हा. समजा, मुलाला पाण्याचं चित्र देऊन पाणी मागायला शिकवायचंय. सुपरवायझर आधी शिकाऊ ताईला सांगते, मग मुलाजवळ स्वतः बसते. पेला दिसेल असा ठेवते, मुलानं हात पुढं केला की दोन क्षण थांबते, त्यानं चित्र उचललं नाही तर हात धरून हलकी मदत करते, आणि चित्र हातात येताच पाणी देते. त्याच क्षणी. मग ताईची पाळी. ताई चित्र घेते, "शाब्बास, शाब्बास, किती हुशार" म्हणते, मग पेला शोधते. तेवढ्यात मुलाचं लक्ष पंख्याकडे गेलेलं. चित्र दिलं म्हणून पाणी मिळालं, ही गाठच बसली नाही. शिकाऊ ताईला वाटतं तिनं छान कौतुक केलं. चूक फक्त बाजूला बसलेल्या जाणत्या माणसाला दिसते. ती कुणी दाखवली नाही तर हीच ताई तीन महिने असंच करत राहील आणि फाइलमध्ये लिहिलं जाईल, "मुलाची प्रगती संथ आहे."

दुसरी गोष्ट मोजण्याची. एबीएमध्ये सगळं मोजलं जातं. मूल किती वेळा स्वतःला चावलं, किती वेळा न सांगता चित्र दिलं. ताईनं बरोबर मोजलं हे कशावरून? आमच्या प्रशिक्षणात ट्यूटर रुग्णाचं एक मनगट धरायच्या, दुसरं आमच्या हातात. दोघींनी एकाच मिनिटात नाडी मोजायची आणि आकडे जुळवायचे. इथंही तसंच असतं. दोघी एकाच वेळी स्वतंत्र मोजतात. ताईनं ८ लिहिले, सुपरवायझरनं १२, तर लहान आकड्याला मोठ्यानं भागून शंभरानं गुणायचं. ६७ टक्के. साधारण ८० टक्क्यांच्या वर जुळलं तर नोंद भरवशाची धरतात. ६७ आलं तर दोघींनी बसून ठरवायचं, "चावणं" म्हणजे नेमकं काय. दात लागले की चावणं, की नुसतं तोंडात हात घातला तरी? हे न ठरवता काढलेले आलेख कितीही रंगीत असले तरी त्यांचा उपयोग नाही.

तिसरी गोष्ट माझ्या धंद्याच्या जवळची आहे, म्हणून जरा थांबून सांगते. समजा, मूल आठवडाभर कानावर थपडा मारून घेतंय. शिकाऊ ताई नव्या शिक्षणाच्या उत्साहात कारण शोधायला लागते. लक्ष हवंय का? अभ्यास टाळतोय का? जाणत्या सुपरवायझरचा पहिला प्रश्न वेगळा असतो. कान डॉक्टरांना दाखवला का? दात दुखतोय का? शौचाला झाली का? बोलता न येणारं मूल दुखणं असंच सांगतं. कान फुटायला आलेल्या मुलाला "वर्तन सुधारणा" देत बसणं म्हणजे ताप आलेल्याला शिस्त लावणं. त्या मंडळाची नीतिनियमावली १ जानेवारी २०२२ पासून लागू आहे. वागण्यावर शरीराच्या दुखण्याचा परिणाम होत असल्याची शक्यता असेल तर ती तपासून घ्यावी, असं त्यात सांगितलेलं आहे. आपल्या मुलाचं वागणं अचानक बदललं तर थेरपीच्या आधी दवाखाना.

याच नियमावलीत शिकाऊंच्या देखरेखीवर एक अख्खा विभाग आहे. सुपरवायझरनं आपल्याला जमेल तेवढेच शिकाऊ घ्यावेत. जे काम शिकाऊला येतं तेवढंच तिच्यावर सोपवावं. देखरेखीच्या नोंदी ठेवाव्यात. आणि सगळ्यात महत्त्वाचं, शिकाऊनं केलेल्या कामाची जबाबदारी सुपरवायझरचीही असते. "ती नवीन होती, तिच्याकडून झालं" असं म्हणून वरच्या माणसाला हात झटकता येत नाहीत.

त्या विभागात कुटुंबाची संस्कृती आणि परिस्थिती ध्यानात घेण्याबद्दलही आहे, आणि वस्तीतल्या घरांसाठी मला ते फार मोलाचं वाटतं. शिकाऊ ताईला पुस्तकात शिकवलेलं असतं, मुलासाठी वेगळी शांत जागा हवी, टेबल-खुर्ची हवी. आपलं घर दहा बाय बाराचं, त्यात आजीची खाट, कोपऱ्यात मोरी, वर माळ्यावर भाड्यानं राहणारा भाचा. वेगळी जागा आणायची कुठून? आई म्हणते, "जमणार नाही ताई." फाइलमध्ये लिहिलं जातं, "पालक सहकार्य करत नाहीत." मूल चमच्यानं भात खायला शिकतंय, घरी मात्र भाकरी. त्याला भाकरीचा तुकडा मोडून कालवणात बुडवायला शिकवलं तर ते उद्यापासून पंगतीत बसेल. मुलाला घरी "बस" कळतं, सेंटरमध्ये "सिट डाउन" म्हणतात, आणि मूल बसत नाही म्हणून आज्ञा न पाळणारं ठरतं. या गोष्टी शिकाऊ पोरीला सुचणार नाहीत, ती मिळालेला कागद पाळते. सुपरवायझरनं एकदा तरी घर पाहिलं, आईशी बोललं, तर तो कागद बदलतो.

या विद्येचा जुना इतिहास फार मवाळ नाही, हेही माहीत असू द्या. अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या विद्यापीठात इव्हार लोव्हास यांनी १९८७ मध्ये १९ मुलांवरचा अभ्यास छापला. आठवड्याला ४० तासांची थेरपी, आणि त्यांतली ९ मुलं साध्या शाळेत इतरांसारखी शिकू लागली असं त्यांनी मांडलं. जगभर गाजलेल्या त्या अभ्यासाच्या पद्धतीत मुलांवर ओरडणं आणि मांडीवर चापट मारणंही होतं. मोठ्या झालेल्या अनेक स्वमग्न व्यक्तींनी एबीएवर कडक टीका केली आहे. आम्हाला आमच्यासारखं राहू न देता इतरांसारखं वागायला लावलं, असं त्यांचं म्हणणं. मला त्यांचं म्हणणं ऐकण्यासारखं वाटतं. आज चांगले लोक मुलाची तयारी बघतात. मूल तोंड फिरवतंय, हात ओढून घेतंय, तर थांबतात. पण शिकाऊ माणूस घाईत असला, तासांचा आकडा भरायचा असला, की हात धरून ओढणं सुरू होतं. हे थांबवायला वरची नजर लागते. तुम्हाला दारातून मुलाचं रडणं ऐकू आलं आणि "आत येऊ नका, सवय मोडेल" असं सांगितलं गेलं, तर आत जा. तो तुमचा हक्क आहे.

आता शिकणाऱ्या मुला-मुलींसाठी. आपल्या वस्त्यांतून बारावी झालेल्या, समाजकार्य किंवा मानसशास्त्र शिकलेल्या मुली अशा सेंटरमध्ये लागू लागल्या आहेत. त्यांच्या आयांनीही हे वाचावं. अमेरिकेच्या नियमात काम सुरू होण्याआधी सुपरवायझर आणि शिकाऊ यांच्यात लेखी करार लागतो. कोण काय करणार, आणि कोणत्या कारणानं सुपरवायझर सही देणार नाही, हे आधीच ठरवायचं असतं. दर महिन्याला तासांच्या फॉर्मवर सही होते. सुपरवायझर शिकाऊचा नातेवाईक किंवा तिच्या हाताखालचा माणूस असून चालत नाही. आणि सुपरवायझर होण्यासाठी प्रमाणपत्र पुरत नाही, देखरेख कशी करावी याचं ८ तासांचं वेगळं प्रशिक्षण घ्यावं लागतं. हे नियम वाचून घ्या, आपल्याकडे तसेच्या तसे लागू नसले तरी. सही हातात असणाऱ्या माणसाकडे ताकद असते. सही अडवून जास्तीचं काम करून घेता येतं, आणि काम न बघता सहीही देता येते. दुसरं ऐकायला बरं वाटतं, पण न शिकता मिळालेल्या सहीनं पुढं मुलासमोर बसायचं तुम्हालाच आहे.

एक कडू गोष्ट बोलते. आमच्या काळात काही ठिकाणी विद्यार्थिनीला रुग्णासमोर झापण्याची पद्धत होती. त्यानं विद्यार्थिनी सुधारत नाही, चूक लपवायला शिकते. शिकाऊ ताईनं सुपरवायझरला निर्धास्तपणे सांगता आलं पाहिजे, "मॅडम, आज मी त्याला ओरडले." असं बोलता आलं तरच मुलाचं रक्षण होतं.

आपल्याकडची परिस्थिती अशी. त्या अमेरिकन मंडळानं १ जानेवारी २०२३ पासून भारतात राहणाऱ्यांचे नवे अर्ज घेणं बंद केलं. ज्यांना आधी मिळालं आहे त्यांचं प्रमाणपत्र नूतनीकरण करून चालू राहू शकतं. म्हणून कुणी "मी बीसीबीएचं फील्डवर्क इथूनच करतेय" असं आज सांगितलं, तर जरा खोलात विचारा. काही सेंटर आता परदेशातल्या दुसऱ्या संस्थांची प्रमाणपत्रं घेतात, त्यांचे नियम वेगळे असतात. आपल्या देशात १९९२ च्या कायद्यानं भारतीय पुनर्वास परिषद आहे. विशेष शिक्षक, वाचा-उपचार तज्ज्ञ, चिकित्सा मानसशास्त्रज्ञ यांची नोंदणी तिथं होते आणि त्यांना नोंदणी क्रमांक मिळतो. त्या यादीत वर्तन विश्लेषक असा वेगळा प्रकार नाही. म्हणजे नुसत्या एबीएच्या नावावर काम करणाऱ्याची चौकशी आपणच करायची. त्याच्याकडे दुसरी कोणती नोंदणी आहे, हे विचारायला लाजू नका.

विचारायचं कसं, तेही सांगते, कारण आपल्या आया काचेच्या दारापुढं गप्प होतात. भांडणाचा सूर नको. "ताई, तुमच्या कामावर कोणत्या मॅडम लक्ष ठेवतात? त्यांचं नाव लिहून द्या. त्या माझ्या मुलासोबत तुम्हाला बघायला शेवटच्या कधी आल्या? पुढच्या कधी येणार? मला त्या दिवशी भेटायचंय." एवढंच. चांगल्या सेंटरला याचा राग येत नाही. शिकाऊ ताईलाही बरं वाटतं, कारण तिलाही मॅडम हव्या असतात. महिन्यातून एकदा नोंदींचा कागद दाखवून मराठीत समजावून मागा. आलेख वर गेला की खाली, आणि त्याचा अर्थ घरी काय.

फी परवडत नसेल तर सगळं सोडून घरी बसू नका. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारांमध्ये स्वमग्नता आहे, त्यामुळे प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड मिळतं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातून अंगणवाडी आणि शाळेत मुलांची तपासणी होते, आणि पुढच्या उपचारांसाठी जिल्हा पातळीवरच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवलं जातं. तिथं पैसे लागत नाहीत. अंगणवाडी ताईला किंवा आशा ताईला विचारा. निरामय ही विमा योजनाही स्वमग्न मुलांसाठी आहे, वर्षाला १ लाखापर्यंत. तिथंही शिकाऊ असतील, आणि तिथंही वरचा माणूस कोण हे विचारायचंच.

शेवटी व्हिडिओबद्दल, कारण हा प्रश्न मला सारखा येतो. सुपरवायझर दुसऱ्या शहरात असेल तर शिकाऊचं काम कॅमेऱ्यावरून बघितलं जातं. यात चूक काही नाही, न पाहण्यापेक्षा बरंच. पण तुमच्या लेखी परवानगीशिवाय मुलाचं चित्रण होता कामा नये. सही करण्याआधी कागद मराठीत वाचून घ्या. चित्रण कोण बघणार, किती दिवस ठेवणार, कुणाच्या फोनमध्ये राहणार, हे त्यात लिहिलेलं हवं. ताईच्या स्वतःच्या मोबाइलमध्ये नको, व्हॉट्सअ‍ॅपवर तर मुळीच नको. आंघोळ, कपडे बदलणं, शौचाचं शिक्षण यांचं चित्रण नाही म्हणजे नाही. आणि एकदा दिलेली परवानगी मागे घेता येते. "आता बंद करा" असं लिहून द्यायचं आणि त्याची एक प्रत आपल्याजवळ ठेवायची.